पारदर्शक रिटेनर कशाने धुवावा आणि कशाने नाही: तारा निघालेल्या नवख्यांसाठी

दातांच्या तारा काढल्या की हातात एक डबी येते. आत काचेसारखे दोन पातळ ट्रे असतात, एक वरच्या दातांचा, एक खालच्या. हेच रिटेनर, सरळ झालेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचे. सोबत सूचना साधारण एवढीच मिळते: रात्री घालायचा, सकाळी धुवायचा. कशाने धुवायचा हे घरी जाऊन आपलं आपणच ठरवायचं असतं. मग बेसिनपाशी जे हाताला लागेल ते वापरलं जातं. कुणी टूथपेस्ट घेतं, कुणी माउथवॉश, कुणी डेटॉल, आणि घरातली मोठी माणसं हमखास सांगतात की उकळत्या पाण्यातून काढ. वेळेआधी वाया गेलेले बरेच रिटेनर अशा धुण्यानेच गेलेले असतात. प्लॅस्टिक धुरकट होतं, पिवळं पडतं, तडकतं किंवा दातांवर नीट बसेनासं होतं.

हा लेख फक्त पारदर्शक, साच्यावर गरम करून बसवलेल्या रिटेनरबद्दल आहे. तार आणि गुलाबी ॲक्रिलिक असलेल्या हॉली रिटेनरला यातलं सगळं लागू पडत नाही. त्याच्या स्टीलच्या तारेला काही रसायनं गंजवतात. दातांच्या मागे कायमची चिकटवलेली तार हा तर वेगळाच विषय आहे.

१. आधी प्लॅस्टिकची जात विचारून घ्या

सगळे पारदर्शक ट्रे एकाच प्लॅस्टिकचे नसतात. हा प्रश्न डॉक्टरांना फारसं कुणी विचारत नाही, पण धुण्याचे निम्मे नियम त्यावरच ठरतात. साधारण तीन प्रकार आढळतात.

पीईटीजी किंवा त्याच्या जवळचं कोपॉलिएस्टर: काचेसारखं स्वच्छ दिसतं, कडक असतं, वाकवलं तर मोडायला बघतं. हे पॉलिएस्टर असल्यामुळे तीव्र अल्कली त्याला हळूहळू कुरतडते. ॲसिटोन लागलं तर ते तिथल्या तिथे पांढरं पडतं.

पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातलं: नवं असतानाच थोडं दुधाळ दिसतं, हाताला मेणचट आणि लवचिक लागतं. आम्ल, अल्कली, अल्कोहोल या सगळ्यांपुढे चिवट असतं, पण तेलातला रंग पटकन पितं. हळदीने पिवळा पडलेला स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा डबा बहुधा याच जातीचा असतो.

पॉलियुरेथेन: अलाइनरसाठी, म्हणजे दात सरळ करणाऱ्या पारदर्शक ट्रेसाठी जास्त वापरतात, काही रिटेनरही याचेच असतात. मजबूत आणि मुलायम असतं, पण पाणी आणि रंग शोषण्यात सगळ्यांच्या पुढे.

डॉक्टरांना विचारा, ‘शीट कुठली वापरली आणि किती जाडीची?’ शीट साधारण ०.७५ ते १ मिलिमीटर जाडीची असते. दातांच्या साच्यावर ताणली गेल्यावर कडांपाशी आणि दातांच्या टोकांवर ती याहून पातळ होते. तडे बहुतेक तिथेच जातात. उत्तर मिळालं तर केसपेपरवर लिहून ठेवा. नाही मिळालं तर ट्रे पीईटीजीचा आहे असं धरून चाला, कारण सगळ्यात जास्त सांभाळून वागावं लागतं ते त्याच्याशी.

२. सामान

- एक्स्ट्रा सॉफ्ट टूथब्रश, फक्त रिटेनरसाठी. दातांचा ब्रश नको, कारण त्यात पेस्टचे कण अडकलेले असतात.
- बिनरंगी, कमी वासाचा लिक्विड सोप. भांड्यांचा लिक्विडही चालतो, पण एकच थेंब. भांड्यांची वडी अजिबात नको, तिच्यात घासण्याची पूड असते.
- काचेचा किंवा स्टीलचा पेला, साधारण २०० मिली मापाचा.
- हवेची छिद्रं असलेली डबी. शक्यतो दोन, म्हणजे एक वाळत असताना दुसरी वापरता येते.
- डेन्चर, म्हणजे कवळी साफ करायच्या गोळ्या: क्लिनसोडेन्ट, फिटीडेन्ट, पॉलिडेन्ट यांपैकी जी मिळेल ती.
- खायचा सोडा आणि पांढरं व्हिनेगर.
- मोबाइलमधला टायमर. हा सगळ्यात कामाचा. भिजवून विसरणं हीच मोठी चूक असते.

गोळ्या प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दातांचे दवाखाने दाटीने आहेत, तिथल्या मेडिकलमध्ये विचारलं तर मिळायची शक्यता जास्त. काही महिन्यांचा साठा एकदम घ्यायचा असेल तर गांधीबागेतल्या औषधांच्या ठोक बाजारात चौकशी करा. पूड मिळाली तरी हरकत नाही, मात्र ती पाण्यात विरघळवायची. ब्रशवर घेऊन घासायची नाही.

३. रोजचं धुणं

रिटेनरवर रात्रभरात जो बुळबुळीत थर जमतो तो जिवाणूंचा असतो. दातांवर जमतो तसाच, त्याच कुळातला. तो ओला असेपर्यंत बोटानेही निघतो. वाळला की चिकटतो, आणि लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरलं की त्याचा दगड होतो. म्हणून पहिला नियम असा की तोंडातून काढला की लगेच धुवायचा. डबीत टाकून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळी धुवायचं, याने आठवड्याभरात वास सुरू होतो.

काढताना एका बाजूने उचकटू नका. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढांपाशी, आतल्या कडेला नख लावून थोडं थोडं सैल करा आणि मग पुढे सरका. एकाच बाजूने ओढलं की सुळ्यापाशी तडा जातो. मग दोष साबणाला दिला जातो.

त्याआधी हात साबणाने धुवा. तर्री पोहे खाऊन फक्त पाण्याने धुतलेल्या बोटांवर हळदीचं तेल राहतं आणि ते थेट ट्रेला लागतं.

आता क्रम:

१) गार किंवा जेमतेम कोमट पाण्याखाली १० सेकंद धरा. कोमट म्हणजे मनगटावर टाकलं तर ऊन लागणार नाही इतपत, ४० अंशांच्या आतलं.

२) ओल्या ब्रशवर एक थेंब लिक्विड सोप. ट्रे तळहातावर ठेवून आधार द्या. दोन बोटांच्या चिमटीत हवेत धरून घासलं तर तो पिळवटतो.

३) आतली बाजू आधी आणि जास्त वेळ. प्रत्येक दाताच्या खळग्यात ब्रशचं टोक फिरवा. बाहेरून चकचकीत आणि आतून बुळबुळीत, असे ट्रे फार बघायला मिळतात. दोन्ही ट्रे मिळून दीड-दोन मिनिटं पुरतात. जोर लावायचा नाही.

४) वाहत्या पाण्याखाली ३० सेकंद धुवा. बोट फिरवल्यावर ‘चर्र’ असा आवाज आला म्हणजे साबण गेला. साबण राहिला तर हिरड्यांची आग होते आणि तोंडात दिवसभर कडवट चव राहते.

५) झटकून, उघड्या डबीत सावलीत वाळू द्या. ओला ट्रे बंद डबीत ठेवला की आत बुरशीला बरं वातावरण मिळतं. डबीसुद्धा आठवड्यातून दोनदा साबणाने धुवा. ट्रे चकाचक आणि डबीच्या कोपऱ्यात काळी रेघ, ही जोडी नेहमीची.

रोज एवढंच. बाकी सगळी रसायनं आठवड्याच्या हिशेबातली.

४. टूथपेस्ट का नको

टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाचे कण असतात. दाताच्या कठीण इनॅमलवरचा थर घासायला ते ठीक आहेत. ट्रेचं प्लॅस्टिक इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ असतं, त्यामुळे त्याच कणांचे त्यावर बारीक ओरखडे पडतात. सुरुवातीला काही दिसत नाही. काही आठवड्यांनी ट्रे धुरकट होतो. ओरखड्यांच्या खाचांत जिवाणू आणि चहाचा रंग अडकतो, मग माणूस आणखी जोरात घासतो, आणि ओरखडे आणखी वाढतात.

कोळशाची पेस्ट, ‘व्हाइटनिंग’ पेस्ट या त्यातल्या त्यात जास्त खरखरीत. लाल दंतमंजन तर सगळ्यात वाईट: खरखरीतही आणि रंगीतही. जेल पेस्ट मऊ वाटते, पण तिच्यातही बहुधा सिलिकाच असते.

५. आठवड्याची भिजवण: गोळी

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. या गोळ्यांत साधारणपणे खायचा सोडा, सायट्रिक आम्ल आणि एखादं ऑक्सिजन सोडणारं रसायन असतं, म्हणजे परबोरेट किंवा परसल्फेट. फेस सोडा आणि आम्लामुळे येतो. डाग फिका करण्याचं आणि जिवाणू मारण्याचं काम त्या ऑक्सिजनवाल्या घटकाचं.

पद्धत सोपी आहे. आधी रोजच्यासारखा ब्रश आणि साबण. मग पेल्यात १५० ते २०० मिली कोमट पाणी, त्यात एक गोळी, आणि ट्रे पूर्ण बुडेल असा ठेवा. वेळ लेबलवर असेल तेवढी. कुठे ३ मिनिटं लिहिलेली असतात, कुठे १५. बाहेर काढल्यावर पुन्हा मऊ ब्रश फिरवा, कारण मेलेला थर आपोआप सुटून पडत नाही. शेवटी वाहत्या पाण्याखाली किमान ३० सेकंद.

इथे तीन गोष्टींत लोक चुकतात.

पहिली, रात्रभर भिजवणं. काही लेबलांवर रात्रभर ठेवायला सांगितलेलं असतं, पण ती सूचना जाड ॲक्रिलिकच्या कवळीसाठी असते. एक मिलिमीटरच्याही आतल्या ट्रेला त्याने जास्तीचा फायदा काही होत नाही. रसायनाचा संपर्क मात्र कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय रिटेनर रात्रीच घालायचा असतो, हेही विसरलं जातं.

दुसरी, गोळी ट्रेवर थेट ठेवणं. विरघळताना तिच्याखाली द्रावण फार तीव्र असतं. आधी गोळी विरघळू द्या, मग ट्रे टाका.

तिसरी आणि गंभीर, नीट न धुता तोंडात घालणं. परसल्फेटची काही लोकांना ॲलर्जी असते: हिरड्या सुजणं, पुरळ, श्वासाला त्रास. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये कवळी साफ करण्याच्या उत्पादनांवर याबद्दलचे इशारे सुधारायला कंपन्यांना सांगितलं होतं. गोळीचं पाणी चूळ भरायला किंवा गुळण्यांना वापरायचं नाही. लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. घरात कुणाला दमा असेल तर गोळी घेण्याआधी घटकांची यादी वाचा. ट्रे घातल्यावर ओठ किंवा हिरडी चुरचुरली तर गोळी बंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

६. घरातल्या बाटल्या, एकेक करून

*खायचा सोडा.* वासासाठी उत्तम. एक सपाट चमचा सोडा पेलाभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, ट्रे २० ते ३० मिनिटं ठेवा. विरघळवणं महत्त्वाचं, कारण कोरडा सोडा ब्रशवर घेऊन घासला तर तोही घासतोच, पेस्टपेक्षा कमी इतकंच. धुण्याचा सोडा ही पूर्ण वेगळी वस्तू आहे. तो कितीतरी तीव्र अल्कली असतो. किराणा दुकानात नुसतं ‘सोडा द्या’ म्हणू नका.

*इनो.* हा उपाय फार फिरतो. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं, त्यामुळे गोळीसारखाच फेस येतो, पण जिवाणू मारणारा ऑक्सिजनवाला घटक त्यात नसतो. मिनिटभर बुडबुडे, बास. ट्रेचं नुकसान नाही आणि फारसा फायदाही नाही.

*व्हिनेगर.* पांढऱ्या खरासाठी, म्हणजे क्षारांच्या थरासाठी, आणि त्यावर ते नक्की चालतं. बाजारातलं साधं व्हिनेगर ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्लाचं असतं. जेवढं व्हिनेगर तेवढंच गार पाणी मिसळा आणि १५ ते २० मिनिटं ठेवा. महिन्यातून एक-दोनदा पुरे. तपकिरी ॲपल सायडर व्हिनेगर घेऊ नका.

*व्हिनेगर आणि सोडा एकत्र.* मोबाइलवरच्या व्हिडिओंचा हा लाडका प्रयोग. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फेसातला वायू उडून जातो आणि पेल्यात खारट पाणी उरतं. दोन्ही वापरायचे तर वेगवेगळ्या दिवशी.

*हायड्रोजन पेरॉक्साइड.* चहा-कॉफीचा डाग फिका करतं. मेडिकलमध्ये साधारणपणे २० व्हॉल्यूमची बाटली मिळते, म्हणजे ६ टक्के. तिच्यात समप्रमाणात पाणी घालून ३ टक्के करा, १० ते १५ मिनिटं ठेवा, भरपूर धुवा. उघडून बरेच महिने झालेली बाटली पाण्यासारखीच असते. ब्यूटी पार्लरमध्ये केसांसाठी ३० किंवा ४० व्हॉल्यूमचं मिळतं, ते इकडे आणू नका.

*माउथवॉश.* इथे तीन वेगळ्या भानगडी आहेत. निळ्या-हिरव्या माउथवॉशचा रंग ट्रेत उतरतो. काही माउथवॉशमध्ये २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. साच्यावर ताणून बसवलेल्या प्लॅस्टिकमध्ये आतून ताण दबलेला असतो, आणि अशी द्रावकं वारंवार लागली की त्या ताणाच्या जागी केसासारखे बारीक तडे उमटू शकतात. तिसरी भानगड क्लोरहेक्सिडिनची. हिरड्यांसाठी डॉक्टर हा माउथवॉश देतात. तो दातांना तपकिरी डाग पाडतो तसाच ट्रेलाही पाडतो. तो चालू असेल तर गुळणी झाल्यावर किमान अर्धा तास थांबा, पाण्याने चूळ भरा आणि मगच ट्रे घाला. बीटाडिनच्या गुळण्यांचंही तेच, त्यातलं आयोडीन पिवळं-तपकिरी करतं.

*डेटॉल, सॅव्हलॉन, सॅनिटायझर.* तिन्ही तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी बनवलेले नाहीत. वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि धुऊनही जात नाही. सॅनिटायझरमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं.

*ब्लीच.* सोडियम हायपोक्लोराइटचं अगदी पातळ द्रावण बऱ्याच ट्रेना झेपतं, हे खरं आहे. तरी घरी नको. कपड्यांच्या ब्लीचची ताकद बाटलीगणिक वेगळी असते आणि जुनी झाली की उतरते, त्यामुळे ‘अगदी पातळ’ किती ते घरी मोजता येत नाही. त्यात चुकून व्हिनेगर पडलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बाथरूम साफ करायच्या ॲसिडचं तर नावच नको.

*नेलपॉलिश रिमूव्हर.* पेनाची खूण पुसायला कुणीतरी वापरतंच. ॲसिटोनवाला असेल तर पीईटीजीचा ट्रे जागेवर पांढरा होतो आणि त्याला परतीचा मार्ग नाही. दाढ दुखते म्हणून लवंगतेल लावलं असेल तर त्या वेळी ट्रे घालू नका, त्यातलं युजेनॉल काही प्लॅस्टिकांना मऊ करतं.

*अल्ट्रासॉनिक मशीन.* घरगुती छोटं मशीन चांगलं काम करतं. साधं पाणी, साबणाचा एक थेंब, ३ ते ५ मिनिटं. लागोपाठ फेऱ्या चालवल्या तर पाणी तापतं, तेव्हा मध्ये पाणी बदला. दगड झालेला थर त्याने निघत नाही. ओळखीच्या इतवारीतल्या सराफाकडे दागिन्यांसोबत ट्रे टाकून आणायचा मोह टाळा. दागिन्यांच्या मशीनमधल्या पाण्यात अमोनियासारखी रसायनं असू शकतात, आणि त्यात आधी काय काय बुडालं याचा पत्ता नसतो.

७. पांढरा थर कुठून आला, ते जागेवरून ओळखा

खालच्या ट्रेत पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, किंवा वरच्या ट्रेत दाढांच्या गालाकडच्या बाजूला पांढरट खरखरीत पट्टा दिसत असेल, तर तो लाळेचा. लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून दातांवरचा टार्टरही तिथेच जास्त जमतो. उपाय म्हणजे व्हिनेगरचं पाणी आणि त्यानंतर ब्रश. नखाने किंवा टाचणीने खरवडू नका.

ट्रेवर सगळीकडे सारखे पांढरे ठिपके असतील तर ते पाण्याचे. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी. पण बेसा, मनीषनगर किंवा हिंगण्याकडच्या ज्या वस्त्यांत बोअरच्या पाण्यावर भागवावं लागतं, तिथे बादलीला, नळाला आणि ट्रेला सारखाच खर चढतो. अशा घरात धुणं बोअरच्या पाण्याने केलं तरी शेवटचं खळबळणं प्यायच्या, म्हणजे आरओच्या पाण्याने करा. अर्धा पेला पुरतो.

धुरकटपणा नेमका कशाचा, हे ओळखायची एक घरगुती चाचणी आहे. ट्रे पाण्यात बुडवून बघा. ओला असताना स्वच्छ दिसतो आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट होतो, तर दोष पृष्ठभागावर आहे. मग १५ मिनिटं व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा. गेला तर खर होता. नाही गेला तर ओरखडे आहेत, आणि ते घासून जाणार नाहीत. ओला असतानाही पांढरटच दिसत असेल तर बिघाड प्लॅस्टिकच्या आत आहे, म्हणजे उष्णता, द्रावक किंवा बारीक तडे. त्यावर घरात उपाय नाही.

८. हळद, तर्री, चहा, खर्रा

ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं. हा नियम डागांपुरता नाही. ट्रेखाली लाळ फिरत नाही, त्यामुळे गोड चहा किंवा सरबत आत शिरलं तर ते दाताला चिकटून तासन्‌तास राहतं आणि दात किडतो. गरम चहाने ट्रेचा आकारही बिघडतो.

हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. सावजी जेवणानंतर चूळ भरून ट्रे घातला की दातांवरचं तेल रात्रभरात प्लॅस्टिकमध्ये उतरतं. जेवणानंतर ब्रश करूनच घाला. डाग लागला तर लगेच लिक्विड सोप, कारण तेल साबणानेच निघतं. सोड्याच्या पाण्यात टाकल्यावर पिवळा डाग एकदम लालसर झाला तर घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते, कुंकू तसंच करतात. धुतल्यावर ते पुन्हा पिवळं होतं. उरलेला पिवळेपणा उजेडात फिका पडतो. धुतलेला ट्रे खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी तास-दोन तास ठेवा. गच्चीवर नाही.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण, तोंडात असताना ट्रे घालू नये, हे सांगायला नको, पण घालणारे आहेत. त्यातला चुना ट्रे आणि हिरडी यांच्यामध्ये अडकून बसतो. हिरडी भाजते. आणि चुना म्हणजे तीव्र अल्कली, जी पीईटीजीला मानवत नाही.

९. नागपूरचा उन्हाळा

पीईटीजी ८० अंशांच्या सुमारास मऊ होतं. पण ताण दबलेला पातळ ट्रे त्याआधीच, ६०च्या पुढे, हळूहळू आकार सोडू लागतो. उकळत्या पाण्याचा विषय तिथेच संपतो. तिथे एक क्षणही पुरतो.

इथे धोका चुलीपेक्षा उन्हाचा जास्त. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सहज ७० अंश होतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हात भाजवतं. ‘नळाचं साधं पाणी’ म्हणून त्याखाली ट्रे धरणं म्हणजे गरम पाण्याने धुणंच. दुपारी धुवायचा असेल तर माठातलं पाणी घ्या. डबी खिडकीच्या कट्ट्यावर, गाडीत, दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका. हेअर ड्रायरने वाळवू नका.

आकार बिघडला आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. घातल्यावर कळतं: एखाद्या दातापाशी ट्रे उचललेला राहतो, किंवा चावून बसवावा लागतो. गरम करून परत नीट करायचा प्रयत्न करू नका.

१०. बदलायची वेळ आणि सोबत काय न्यायचं

तडा, भोक, आतून कायमचा पांढरेपणा, धुऊनही न जाणारा वास, किंवा सैल पडलेली पकड, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांना फोन करा. तडा फेव्हिक्विकने जोडू नका, ते तोंडासाठी नाही आणि जोडलेली जागा टोचते. नवा येईपर्यंत जुना घालायचा की नाही हेही त्यांनाच विचारा. मनाने आठवडाभर बंद ठेवला तर दात सरकतात आणि मग जुन्या मापावर केलेला नवा ट्रेही बसत नाही.

जाताना हे न्या:

- केसपेपर किंवा उपचाराची फाइल
- जुना रिटेनर, तुटलेला असला तरी सगळे तुकडे
- ज्याने धुता त्या गोळीच्या किंवा बाटलीच्या लेबलचा फोटो
- दातांचं प्लास्टरचं मॉडेल घरी दिलं असेल तर ते, किंवा स्कॅनची फाइल

शेवटची वस्तू तारा काढतानाच मागून घ्या. मॉडेल शाबूत असेल आणि दात सरकलेले नसतील तर पुन्हा माप द्यावं लागत नाही, नुसती नवी शीट ओढून ट्रे तयार होतो. प्लास्टरचं मॉडेल ओल लागली की भुगा होतं, म्हणून कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा हिंगण्याकडच्या खाजगी दंत महाविद्यालयांत उपचार झाले असतील तर केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. जुनी फाइल शोधायला तोच क्रमांक विचारतात.